दुकानात कोणी वस्तू उचलताना दिसलं तर: नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी

श्रावण लागला की कुडाळ, कणकवली, सावंतवाडीकडची दुकानं नवी पोरं-पोरी कामाला घेतात. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात चाकरमानी आणि गावची माणसं एकदमच बाजारात उतरतात, आणि जुन्या माणसांना ती गर्दी आवरत नाही. नव्या माणसाला बिल कसं मारायचं ते शिकवतात, रॅक कसा भरायचा ते दाखवतात. चोरीबद्दल मात्र "लक्ष ठेव हां" एवढंच सांगतात. लक्ष ठेवून पुढे काय करायचं, हे कोणी सांगत नाही. मग एखादा मुलगा साबणाच्या वडीसाठी गिऱ्हाइकाच्या मागे हमरस्त्यावर धावतो, नाहीतर एखादी मुलगी डोळ्यांदेखत माल जाताना बघून घाबरून गप्प बसते आणि रात्री हिशेबाच्या वेळी बोलणी खाते.

मी या पट्ट्यात बरीच वर्षं फ्लोअरवर आणि काउंटरवर काम करते आहे. नव्या मुलांना जे तोंडी सांगते, तेच इथे क्रमाने लिहिते. आधी एक गोष्ट पक्की करून घ्या: चोर पकडण्यासाठी तुम्हाला पगार मिळत नाही. चोरीला जागा राहू न देणं, जे दिसलं ते नीट लक्षात ठेवणं आणि लगेच योग्य माणसाला सांगणं, इथपर्यंत तुमचं काम. त्यापुढचं मालकाचं आणि पोलिसांचं.

१. कामावर रुजू होतानाच विचारून घ्या

लाजू नका, पहिल्याच दिवशी मॅनेजरला किंवा मालकाला विचारा. संशय आला तर सांगायचं कोणाला? तो माणूस जेवायला गेला असेल तर कोणाला? गिऱ्हाइकाशी बोलायची मुभा फ्लोअरवरच्या माणसाला आहे की फक्त सुपरवायझरला? पिशव्या दारात ठेवायचा नियम सगळ्यांना आहे का? माल कमी भरला तर पगारातून कापतात का?

मोठ्या साखळी दुकानांत याचे लेखी नियम असतात आणि बहुतेक ठिकाणी फ्लोअरवरच्या कामगाराला गिऱ्हाइकाला अडवायची परवानगीच नसते. तिथे नियम मोडून तुम्ही चोर पकडलात तरी नोकरी जाऊ शकते. गावातल्या मालकाच्या दुकानात लेखी काही नसतं. तिथे मालकाने जे तोंडी सांगितलं ते त्याच संध्याकाळी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा: "तुम्ही सांगितल्याप्रमाणे संशय आला तर आधी तुम्हाला फोन करीन, स्वतः अडवणार नाही." पुढे वाद झालाच तर हा एक मेसेज तुमच्या बाजूने बोलतो.

काउंटरजवळ एवढं असायलाच हवं, नसेल तर मागून घ्या:

- नोंदीसाठी पानांवर आकडे घातलेली वही आणि पेन
- जवळच्या पोलीस ठाण्याचा नंबर मोठ्या अक्षरात (आणीबाणीसाठी ११२)
- कॅमेऱ्याचं फुटेज कोण काढून देऊ शकतं त्याचं नाव आणि फोन
- पिशव्यांसाठी टोकन
- लाईट गेल्यावर लागणारी बॅटरी आणि हाताने बिल करायचं पुस्तक

२. चोरी होण्याआधीच थांबवा

बहुतेक चोरी होते ती "आपल्याकडे कोणाचं लक्ष नाही" असं वाटल्यामुळे. म्हणून आत येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून एक शब्द बोला. "या काकी, काय व्हया तुमका?" एवढं पुरतं. खऱ्या गिऱ्हाइकाला बरं वाटतं, आणि ज्याच्या मनात दुसरं काही आहे त्याला कळतं की आपल्याला पाहिलेलं आहे. हातात दोन-तीन वस्तू धरून कोणी फिरत असेल तर बास्केट नेऊन द्या. वस्तू बास्केटमध्ये असली की ती पिशवीत किंवा ओटीत का गेली, याला कारण उरत नाही.

आपल्याकडच्या पावसात छत्री हा मोठा प्रश्न. अर्धवट मिटलेली ओली छत्री हाताला अडकवून माणूस आत फिरतो, आणि तिच्यात लहान पाकीट सहज उतरतं. ढगळ रेनकोटचंही तेच. उपाय सोपा आहे: दारात बादली आणि टोकन. "लादी ओली होते, कोणी घसरेल" हे कारण खरंच आहे आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही. मात्र नियम सगळ्यांना सारखा. सरपंचांची छत्री आत आणि मजुराची बाहेर, असं केलंत तर दुसऱ्या दिवसापासून नियम कोणीच पाळणार नाही.

दुसरा प्रश्न लाईटचा. जून ते सप्टेंबर ती कधीही जाते. इन्व्हर्टर असला तरी कॅमेरा त्यावर जोडलेला असतोच असं नाही. विचारून घ्या. लाईट गेली की कोण कुठे उभं राहणार हे आधी ठरलेलं असावं: एक जण दारात, एक जण महागड्या रॅकजवळ, एक काउंटरवर. गल्ल्याजवळचा माणूस कुठल्याही कारणाने जागा सोडणार नाही. अंधारात सगळे एकदम बॅटरी शोधायला आत पळाले की दुकान उघडं पडतं.

महागडा आणि आकाराने लहान माल कुठला हे ओळखा. आमच्याकडे काजूगर, सोडे, तूप, सुगंधी तेलं, दाढीची पाती. काजूगराच्या पाकिटाबद्दल जरा सविस्तर सांगते. अर्धा किलोच्या पाकिटावर शंभर ग्रॅमचं स्टिकर चिकटवून कोणी काउंटरवर आणतं. गर्दीत आपण फक्त "टिट" आवाज ऐकतो आणि पुढचं उचलतो. पाकीट हातात घेतल्यावर अंगठा स्टिकरवरून फिरवायची सवय लावा. खाली दुसरं स्टिकर असेल तर जाडी लगेच लागते, कोपरा सुटलेला असतो. आणि नजर स्क्रीनवर हवी: हाताला अर्धा किलो लागतंय आणि स्क्रीनवर शंभर ग्रॅम दिसतंय, तर थांबा. तेव्हाही आरोप करायचा नाही. "स्टिकर चुकीचं लागलंय वाटतं, बदलून आणते" म्हणायचं आणि बरोबर किंमत लावायची. खरंच आपल्याच माणसाने घाईत चुकीचं स्टिकर लावलेलं असतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

३. संशय कशावर घ्यायचा

वागण्यावर, माणसावर नाही. हे मी मुद्दाम जोर देऊन लिहिते, कारण आपल्या भागात याची फार वाईट सवय आहे. आंब्याच्या बागेत राखणीला आलेला नेपाळी, ट्रॉलरवरचा परप्रांतीय खलाशी, कातकरी बाई दुकानात आली की दोन माणसं तिच्या मागे फिरू लागतात. तेवढ्यात चांगल्या कपड्यातला माणूस गाडीची चावी फिरवत तुपाचा डबा घेऊन जातो. कपडे, भाषा, जात बघून मागे लागणं अन्यायाचं आहे, आणि धंद्याच्या दृष्टीनेही मूर्खपणाचं.

बघायचं ते असं: वस्तूपेक्षा कामगारांकडे आणि कॅमेऱ्याकडे जास्त बघणं, एकच वस्तू पुन्हा पुन्हा उचलून ठेवणं, दोघं आले असतील तर एकाने काउंटरवर विनाकारण वाद घालत सगळ्यांचं लक्ष ओढणं आणि दुसऱ्याने मागच्या रॅककडे सरकणं. यातलं एखादं लक्षण दिसलं म्हणजे चोरी झाली असं होत नाही. जवळ जाऊन "काही शोधताय का?" विचारायला मात्र ते पुरेसं आहे.

चोरी झाली असं म्हणायचं असेल तर तीन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी, मध्ये खंड न पडता दिसलेल्या असाव्यात: वस्तू रॅकवरून उचलली, ती लपवली, आणि बिल न करता काउंटर ओलांडला. मध्ये तुम्ही फोन घेतलात, दुसऱ्या गिऱ्हाइकाला साखर दाखवलीत, तर साखळी तुटली. तेवढ्यात त्याने वस्तू परत ठेवलेली असू शकते. आणि बिल व्हायच्या आधी पिशवीत वस्तू टाकणं म्हणजे चोरीच, असंही नाही. कित्येक बायका हात मोकळा राहावा म्हणून स्वतःच्या पिशवीत सामान भरतात आणि काउंटरवर सगळं काढून ठेवतात.

शंका उरली तर सोडून द्या. एक पाकीट गेलं तर शंभर-दोनशे रुपये जातात. खोटा आळ घेतलात तर ती बाई, तिचं घर, तिची सगळी वाडी दुकानात पाऊल ठेवत नाही. आपल्या गावात सकाळची गोष्ट दुपारी मच्छीमार्केटात पोचलेली असते.

४. दिसलं तर बोला, हात लावू नका

आधी सुपरवायझरला सांगा. सगळ्यांसमोर "चोर" असा पुकारा नको, हळूच जाऊन सांगा. बोलायची मुभा तुम्हाला असेल तर एकटे जाऊ नका. दोघं जा, एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं. समोर बाई असेल तर बोलणारी बाईच हवी.

माणूस अजून आत असेल तर त्याला वाट ठेवा. "काकी, एक वस्तू बिलात घेवची रवली काय?" किंवा "दादा, ते पाकीट बिलात घेऊ ना?" इतकंच. बऱ्याच वेळा माणूस "अरे हो, विसरलंच" म्हणतो आणि पैसे देतो किंवा वस्तू ठेवतो. विषय तिथे संपवा. "विसरलात कसे?" हे विचारू नका. माल परत आला, हेच आपल्याला हवं होतं.

हे कधीच करायचं नाही:

- दंड धरणं, पिशवी ओढणं, खिशात हात घालणं
- मागच्या खोलीत नेऊन बसवणं, दार किंवा शटर बंद करणं
- फोन काढून घेणं
- "चोरी केली" असं कागदावर जबरदस्तीने लिहून घेणं

पिशवी तपासायची असेल तर ती त्या माणसाने आपल्या राजीखुशीने उघडून दाखवावी. नाही म्हणाला तर नाही. झडती घ्यायचा अधिकार तुमच्याकडे नाही, तो पोलिसांचा.

आवाज चढला, दारूचा वास आला, हातात कोयता किंवा बाटली दिसली तर बोलणंही बंद. मागे सरा, वाट मोकळी करा, ११२ लावा.

५. दाराबाहेर गेला तर

धावू नका. आपली बरीच दुकानं हायवेला किंवा अरुंद बाजाररस्त्याला लागून आहेत. मागे ओल्या फरशीवरून धावणारा मुलगा गाडीखाली आला तर दुकानाचा गेलेला डबा कोणाला आठवणार नाही. दारात उभे राहून बघा: गाडीचा नंबर, रंग, कुठल्या दिशेला गेली, अंगावर काय होतं, सोबत कोण होतं. लगेच लिहा. दहा मिनिटांनी लिहिलं की निळा शर्ट काळा होतो.

६. कायदा थोडक्यात

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड विधानाच्या (भादंवि) जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. चोरीचं कलम ३०३. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. पण चोरीचा माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. अशी ५,००० च्या आतली चोरी अदखलपात्र (म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येत नाही) आणि जामीनपात्र (म्हणजे जामीन हक्काने मिळतो) धरलेली आहे.

याचा तुमच्याशी संबंध असा. सामान्य नागरिकाला दुसऱ्याला पकडता येतं, हे अनेकांनी ऐकलेलं असतं. तो अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये आहे. पण तो गुन्हा तुमच्या समोर घडलेला असावा लागतो, आणि तो दखलपात्रही हवा आणि अजामीनपात्रही. शिवाय पकडलेल्या माणसाला विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. दुकानातल्या बहुतेक चोऱ्या दोनशे-पाचशे रुपयांच्या. तिथे या कलमाच्या भरवशावर कोणाला धरून ठेवणं फार धोक्याचं. कुठलं कलम लावायचं ते पोलीस ठरवतील, तुम्ही दारात उभे राहून ठरवू नका.

उलट तुमच्यावर काय लागू शकतं तेही माहीत असू द्या. एखाद्याची वाट बेकायदा अडवणं कलम १२६ खाली गुन्हा, डांबून ठेवणं कलम १२७ खाली. मारहाण वेगळीच. बाईच्या अंगाला हात लागला तर प्रकरण आणखी गंभीर. मालमत्तेचं रक्षण करायचा हक्क कायदा देतो, पण गरजेपेक्षा जास्त बळ वापरायला त्यात मुभा नाही. आणि चोर पळत असताना किंवा खाली पडल्यावर चार जणांनी चोप देणं हे रक्षण नव्हे.

"चोरी करताना सापडल्यास दहापट दंड" अशी पाटी बऱ्याच दुकानांत असते. असा दंड करायचा अधिकार कुठल्याही दुकानदाराला नाही. "पैसे दे नाहीतर पोलिसांत देतो, गावभर सांगतो" अशी धमकी देऊन पैसे घेतले तर खंडणीची तक्रार होऊ शकते. मालकाने तुम्हाला असे पैसे घ्यायला सांगितलं तर नम्रपणे नकार द्या: "साहेब, तुम्हीच बोला, मी नाही घेणार."

७. मुलं आणि म्हातारी माणसं

शाळेच्या गणवेशातलं पोर चॉकलेट खिशात घालताना दिसलं तर त्याला सगळ्यांसमोर उभं करू नका, कान पिळू नका, शाळेत फोन करून नाव जाहीर करू नका. वस्तू परत घ्या, बाजूला दोन शब्द सांगा, आणि तेच पोर पुन्हा पुन्हा करत असेल तर आई-वडिलांना बोलावून घ्या. १८ वर्षांखालील मुलांना बाल न्याय कायदा २०१५ लागू होतो. त्यांची ओळख उघड करायला त्यात मनाई आहे. पोर घाबरलेलं, उपाशी किंवा कोणाच्या सांगण्यावरून करणारं वाटलं तर १०९८ ही बालकांची हेल्पलाइन आहे.

म्हाताऱ्या माणसांत विसरभोळेपणाचा आजार असतो. आजोबा बिस्किटाचा पुडा घेऊन सरळ चालू लागतात, आणि थांबवलं की गोंधळतात. अशांच्या घरी बोलून ठेवा. महिन्याचा हिशेब मुलाकडून घ्यायचा, अशी व्यवस्था गावात सहज होते.

८. नोंद, फुटेज आणि पोलीस ठाणं

वहीत तारीख, वेळ, रॅक, वस्तू, किंमत, काय दिसलं आणि कोणी पाहिलं ते लिहा. "चोर आला" असं लिहू नका. "निळ्या शर्टातल्या माणसाने तुपाचा डबा पिशवीत ठेवला आणि बिल न करता बाहेर गेला" असं लिहा. जे पाहिलं तेवढंच.

फुटेज त्याच दिवशी काढून ठेवायला सांगा. डीव्हीआरची, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राची, जागा भरली की जुन्यावर नवं चढतं. आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे फार नडते: सारखी लाईट जाऊन काही डीव्हीआरचं घड्याळ मागे पडतं किंवा यंत्रात मुळात असलेल्या जुन्या तारखेवर जातं. फुटेजमध्ये दुपारचे तीन आणि वहीत संध्याकाळचे सहा असतील तर पुरावा डळमळतो. आठवड्यातून एकदा घड्याळ मोबाईलशी ताडून बघा. स्क्रीनचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ पुरेसा नाही. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ती जबाबदारी मालकाने घ्यायची.

ठाण्यात जाताना बरोबर न्या:

- नोंदवहीतल्या त्या पानाची प्रत
- वस्तूचं नाव, किंमत आणि मालाच्या खरेदीचं बिल
- त्या वेळेत झालेल्या बिलांची यादी
- फुटेजचा पेनड्राइव्ह
- दुकानाच्या नोंदणीची प्रत आणि मालकाचं पत्र, की तक्रार द्यायला तुम्हाला पाठवलं आहे
- स्वतःचं ओळखपत्र

शक्यतो तक्रारदार मालक किंवा मॅनेजर असावा, तुम्ही साक्षीदार. पुढे तारखांना हेलपाटे त्याला पडतील. अदखलपात्र नोंद झाली, म्हणजे लोक म्हणतात ती "एनसी", तर तिची प्रत मागून घ्या. गुन्हा दाखल झाला तर एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते.

९. फोटो ग्रुपवर टाकू नका

व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर "ही बाई दिसली तर सावध" म्हणून फोटो फिरतात. तुम्ही फक्त पुढे पाठवलात तरी बदनामीच्या तक्रारीत तुमचं नाव येऊ शकतं. फुटेज पोलिसांना द्या, बाकी कोणालाही नाही. सासरी-माहेरी दाखवायलाही नाही.

१०. सोबतचाच कोणी असेल तर

मित्राच्या दहा वस्तूंपैकी सातच स्कॅन करणं हीसुद्धा चोरीच, आणि नोकराने मालकाच्या मालाची केलेली चोरी कायद्यात जास्त गंभीर धरली आहे: कलम ३०६, सात वर्षांपर्यंत कैद. स्वतःच्या नातेवाइकांचं बिल स्वतः करू नका, दुसऱ्या काउंटरवर पाठवा. सोबत्याबद्दल काही दिसलं तर फ्लोअरवर कुजबुज न करता थेट मालकाला सांगा.

११. तूट तुमच्या पगारातून

महिनाअखेर माल कमी भरला की तो सगळ्यांत वाटून कापायचा, ही पद्धत काही ठिकाणी अजून आहे. वेतनाचा कायदा असं सरसकट कापू देत नाही. माल तुमच्या नावावर सोपवलेला हवा, नुकसान तुमच्याच निष्काळजीपणामुळे झालेलं हवं, आणि कापण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घेतलेलं हवं. अनोळखी माणसाने रॅकवरून उचललेलं तूप यात बसत नाही. आधी मालकाशी शांतपणे बोला, नोंदवही दाखवा, तुम्ही वेळेवर कळवलं होतं हे त्यात दिसतं. ऐकलं नाही तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पगार रोख मिळत असेल तर सही करण्याआधी रजिस्टरमधला आकडा आणि हातातली रक्कम जुळते का ते मोजून बघा. जुळत नसेल तर मिळालेला खरा आकडा सहीशेजारी लिहा, तारखेसकट.